संगणक सर्व्हरला जोडला म्हणजे काय बदलते?

आमच्या शाखेतील एक संगणक सर्व्हरला जोडला गेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या एका सहकाऱ्याच्या तोंडचे पाणी पळाले. पडद्यावरचे नेहमीचे चित्र गेलेले, तेथे ठेवलेल्या फाइली दिसेनात. त्यांत त्यांच्या वडिलांच्या निवृत्तिवेतनाचा सारा पत्रव्यवहार होता. आम्हीही म्हणालो, गेले सगळे!

प्रत्यक्षात काहीच गेले नव्हते. एकटा संगणक वापरणाऱ्यांची नावे व पासवर्ड स्वतःजवळ ठेवतो. विंडोज 2000 बरोबर मायक्रोसॉफ्टने ‘अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी’ आणली. तीत ही नोंद सर्व्हरकडे असते आणि त्याच्या अंमलाखालील संगणकांच्या समूहाला ‘डोमेन’ म्हणतात. डोमेनच्या खात्याने आपण प्रथम प्रवेश केला की विंडोज आपल्यासाठी नवे, कोरे दालन उघडते. नाव तेच असले तरी संगणकाच्या लेखी माणूस वेगळा. जुन्या फाइली सी ड्राइव्हवरील ‘युजर्स’ फोल्डरमध्ये जुन्या नावाखाली तशाच असतात. आमच्या भाषेत सांगायचे तर खातेदार तोच, खाते नवे. शिल्लक मात्र जुन्या खात्यात. प्रशासकाने त्या दुपारपर्यंत काढून दिल्या.

दुसरा बदल डोळ्यांना दिसत नाही, पण मोठा आहे. डोमेनमध्ये येताच सर्व्हरच्या प्रशासकांचा गट त्या संगणकाच्या प्रशासकांत आपोआप जाऊन बसतो. मग ‘ग्रुप पॉलिसी’ लागू होते. पासवर्ड किती अक्षरी, पेनड्राइव्ह चालावा की नाही, पडदा किती मिनिटांनी बंद व्हावा, हे तिकडून ठरवता येते. संगणक सुरू होताना, आपण प्रवेश करताना आणि पुढेही साधारण दर 90 ते 120 मिनिटांनी तो सर्व्हरकडे नवे नियम आहेत का ते पाहतो. आपण हाताने केलेला बदल टिकत नाही तो यामुळेच. उगाच संगणकावर चिडू नये. घड्याळसुद्धा सर्व्हरशी जुळवले जाते, कारण ओळख पटवण्याच्या ‘केर्बेरॉस’ पद्धतीत सहसा 5 मिनिटांपर्यंतचाच फरक चालतो. सही जुळली तरी तारीख चुकलेला धनादेश परत जातो, तसेच हे.

कार्यालयाच्या यंत्राबाबत याला आमची हरकत नाही. पण घरचा लॅपटॉप कार्यालयाच्या व्यवस्थेला जोडायला कोणी सांगितले, तर आधी फाइलींची प्रत बाहेर काढून ठेवावी आणि स्पष्ट विचारावे की त्यावरील मजकूर दुरून पुसण्याचा अधिकार कोणाच्या हाती जाणार आहे.