आंतरजालावरील ज्ञानाची पारख

नमुना पाहिल्यावाचून व्यापारी माल उतरवून घेत नाही. आंतरजालावरून ज्ञान घेतानाही तीच दक्षता हवी.

समजा, घरातील मुलीने विचारले, ‘दागिन्यावरील 916 या आकड्याचा अर्थ काय?’ शोध घेताच जाहिराती पुढे येतात. त्यांत उत्तर असेलही. परंतु विकणाऱ्याचे म्हणणे साक्षीवाचून स्वीकारू नये. म्हणून प्रथम भारतीय मानक ब्युरोचे संकेतस्थळ पाहावे. हजार भागांत 916 भाग शुद्ध सोने, म्हणजेच 22 कॅरट, असा तो संकेत आहे. मग मुलीने स्वतः 22 ला 24 ने भागून ताळा घ्यावा, 0.9166 येते. ऐकीव उत्तर अशा रीतीने तिचे स्वतःचे होते.

जिज्ञासा येथेच थांबू नये. सोन्याविषयी अधिक माहिती मराठी विश्वकोशात मिळेल. 1976 साली पहिला खंड निघालेला हा ग्रंथ आता आंतरजालावर विनामूल्य वाचता येतो. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी आयआयटी व भारतीय विज्ञान संस्था यांची ‘एनपीटेल’ व्याख्याने आहेत.

पारख करताना तीन गोष्टी पाहाव्यात : लिहिणारा कोण, लेखन केव्हाचे, आणि त्याचा पडताळा आपणांस घेता येतो काय. प्रश्न, उत्तर व आधार यांची नोंद रोजमेळाप्रमाणे वहीत ठेवावी.

दुकानाच्या गडबडीत ‘नंतर सांगतो’ म्हणून टाळलेला प्रश्न मूल बहुधा पुन्हा विचारीत नाही, आणि हे नुकसान कोणत्याही खतावणीत दिसत नाही. यास्तव सभासद बंधुभगिनींनी आठवड्यातून एक तास मुलांसमवेत या कामी अवश्य द्यावा.