गिऱ्हाइकाचा मोबाईल क्रमांक आणि पेढीची जबाबदारी

पेढीवर आलेल्या गिऱ्हाइकाचे नाव, गाव व मोबाईल क्रमांक लिहून घेण्याची चाल आता सर्वत्र रूढ झाली आहे. तांदळाची नवी आवक झाली, तुरीचा भाव उतरला, की घटकेत दोनशे दुकानदारांस कळविता येते. सोय मोठी आहे. परंतु तो क्रमांक आपणांस कोणत्या कामापुरता मिळाला, ह्याचा विचार आपल्यापैकी फार थोडे करतात; आणि नवा कायदा नेमके हेच विचारतो.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात, खाजगीपणा हा मूलभूत हक्क होय, असा एकमुखी निर्णय दिला. पुढे ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा मुख्य कलमांच्या तयारीसाठी अठरा महिन्यांची मुदत ठेवण्यात आली. निव्वळ कागदी वहीतील नोंदीस हा कायदा लागत नाही. तीच नोंद संगणकात वा मोबाईलमध्ये चढविली की लागतो.

संमती हा ह्या कायद्याचा कणा आहे. ती राजीखुशीने, विशिष्ट कामासाठी, मजकूर समजून आणि स्पष्ट कृतीने दिलेली असावी. गिऱ्हाईक गप्प राहिले म्हणजे त्याने होकार दिला, असे मानता येत नाही. कायद्यातच औषधाच्या दुकानाचा एक दृष्टांत आहे. पावती मोबाईलवर पाठवा म्हणून गिऱ्हाइकाने आपण होऊन क्रमांक दिला, तर पावतीपुरता त्याचा वापर रास्त ठरतो. त्याच क्रमांकावर पुढे जाहिराती धाडणे ह्यात बसत नाही. तद्वतच तुरीच्या भावासाठी मिळालेला क्रमांक तुरीच्या भावापुरता. जावयाने विम्याची एजन्सी घेतली म्हणून सासऱ्याने पेढीची यादी त्याच्या हाती द्यावी, हा प्रकार आपल्या बाजारात नवा नाही. तो ह्यापुढे घरगुती राहणार नाही.

क्रमांक दिल्याखेरीज बिल होत नाही, असे सांगणारी दुकाने आहेत. असा आग्रह धरू नये, अशी सूचना केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्येच दिली होती. दिलेली संमती परत घेणे हे ती देण्याइतकेच सोपे असले पाहिजे, आणि वाद उपस्थित झाल्यास संमती होती हे सिद्ध करण्याचा भार पेढीवर आहे. मात्र करकायद्यापोटी ठेवावी लागणारी बिले पुसून टाका, असे कोणास म्हणता येणार नाही.

आपल्या सीमाभागास महत्त्वाची गोष्ट अशी की, संमतीपूर्वी द्यावयाची सूचना इंग्रजीत अथवा घटनेच्या आठव्या परिशिष्टातील २२ भाषांपैकी कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय गिऱ्हाइकास असली पाहिजे. बेळगावच्या पेठेत मराठी, कन्नड आणि कोकणी बोलणारे लोक येतात; तिन्ही भाषा त्या परिशिष्टात आहेत.

दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. आकडा छाती दडपविणारा आहे खरा, परंतु दंड ठरविताना दोषाचे गांभीर्य पाहिले जाते. ही मर्यादा माहितीच्या राखणीत कसूर करणाऱ्यास आहे, हे मात्र ध्यानात ठेवावे. चोर बहुधा बाहेरून येत नाही; नोकरी सोडणारा कारकून जाताना सारी यादी आपल्या मोबाईलमध्ये घेऊन जातो. यादी किती जणांच्या हाती आहे, हे प्रत्येक मालकाने एकदा मोजून पाहावे.

आता आपल्या संघाच्या सभासद सूचीविषयी. अशा सूचीत पेढीबरोबर गृहिणींचे क्रमांक, मुलांच्या जन्मतारखा आणि उपवर कन्यांची माहितीही छापली जाते. हेतू ओळख वाढावी हा असतो. परंतु ती सूची कर्जवाल्या दलालांच्या हाती पडली, तर रात्री-अपरात्री येणारे फोन त्या मुलींना घ्यावे लागतात. अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी तर आईबापांची पडताळलेली संमती कायद्याने आवश्यक केली आहे. माझे मत असे की, पुढील सूचीच्या अर्जात पेढीचा क्रमांक, घरचा क्रमांक आणि मुलांची माहिती ह्यांसाठी वेगवेगळी संमती विचारावी, सज्ञान मुलीची सही तिची तिनेच करावी, आणि ज्यांचे उत्तर येणार नाही त्यांच्या पेढीचे नाव व पत्ता एवढेच छापावे.