आधी गाइड, मग विद्यापीठ

पिंपरीच्या नावाचा एक जिवाणू आहे: स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. 1954 मध्ये इथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, पुढच्याच वर्षी पेनिसिलिनचं उत्पादन सुरू झालं आणि त्याच आवारातल्या संशोधन विभागात डॉ. एम. जे. तिरुमलाचार यांच्या गटाने या जिवाणूपासून हमायसिन हे बुरशीविरोधी औषध मिळवलं. एच.ए. कॉलनीबद्दल बोलताना लोक कारखान्याच्या पडत्या काळाबद्दल भरभरून बोलतात. या औषधाचं नाव मात्र क्वचितच कुणाच्या तोंडी येतं.

निगडीपासून चाकणपर्यंतच्या घरांमध्ये एक समज पक्का आहे. संशोधन म्हणजे पाषाणला, बंगळुरूला किंवा परदेशात चालणारं काम, आपल्याकडे कंपन्या. मुलगी मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. झाली आणि ‘पीएच.डी. करते’ म्हणाली, की घरात पहिला प्रश्न येतो, अजून पाच वर्षं? दुसरा प्रश्न लग्नाचा. तिसरा, सगळ्यात रास्त प्रश्न मात्र बहुतेक घरांत विचारलाच जात नाही: ही पाच वर्षं कुणाच्या हाताखाली, कुठल्या प्रश्नावर आणि कुणाच्या पैशांवर? हा लेख त्याबद्दल आहे.

आधी पात्रता. विद्यापीठ अनुदान आयोगाचे, म्हणजे यूजीसीचे, पीएच.डी.चे सध्याचे नियम नोव्हेंबर 2022 चे आहेत. पदव्युत्तर पदवीला किमान 55 टक्के हवेत. राखीव प्रवर्ग, आर्थिक दुर्बल घटक आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना 5 टक्क्यांची सवलत आहे. चार वर्षांची पदवी 75 टक्क्यांनी पूर्ण केलेल्यांनाही थेट अर्ज करता येतो. एम.फिल. बंद झालं. वैद्यकीय शाखेत एम.डी., एम.एस., एम.डी.एस. झालेले अर्ज करतातच, पण एम.एस्सी. (मेडिकल), फिजिओथेरपी, नर्सिंग, आयुर्वेद, होमिओपॅथी आणि फार्मसीतले पदव्युत्तरही आपापल्या विषयात अर्ज करतात. सर्वसाधारण विज्ञान शाखेतून बायोटेक्नॉलॉजी किंवा जीवशास्त्र केलेल्यांची वाट बहुतेकदा सीएसआयआर-नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या लाइफ सायन्सेसमधून जाते. एक गैरसमज इथेच दूर करू: पीएच.डी.ने नावामागे डॉक्टर लागतं, रुग्ण तपासण्याचा परवाना मिळत नाही. हे मुलांना माहीत असतं, नातेवाइकांना नसतं.

प्रवेशाचे दोन रस्ते आहेत. एक नेटचा. 2024 पासून नेटचा निकाल तीन गटांत लागतो: जेआरएफसह (कनिष्ठ संशोधन फेलोशिप), सहायक प्राध्यापकपदासह पीएच.डी. प्रवेशासाठी आणि फक्त पीएच.डी. प्रवेशासाठी. शेवटच्या दोन गटांत नेटच्या गुणांना 70 टक्के आणि मुलाखतीला 30 टक्के वजन असतं, आणि तो निकाल वर्षभरच चालतो. दुसरा रस्ता विद्यापीठाच्या स्वतःच्या प्रवेश परीक्षेचा, म्हणजे पेटचा. आरोग्य विज्ञान विद्यापीठं आणि अभिमत विद्यापीठं प्रामुख्याने हा रस्ता वापरतात. या परीक्षेत निम्मा भाग संशोधन पद्धतीचा असतो आणि निम्मा विषयाचा. मुलं विषय घोकतात आणि संशोधन पद्धतीवर मार खातात. नमुना किती मोठा घ्यायचा, कोहॉर्ट आणि केस-कंट्रोल अभ्यासात फरक काय, पी-व्हॅल्यूचा अर्थ काय, हे एम.डी. झालेल्यांनाही पुन्हा वाचावं लागतं. मुलाखतीतही याच जागी तारांबळ उडते.

आता मुख्य मुद्दा. बहुतेक अर्जदार आधी विद्यापीठ निवडतात, मग विषय, आणि शेवटी ‘कुणी गाइड मिळेल का’ म्हणून फिरतात. क्रम उलटा हवा. पीएच.डी.त तुमचा रोजचा संबंध विद्यापीठाशी येत नाही, एका माणसाशी येतो. नियमानुसार प्राध्यापक एका वेळी 8, सहयोगी प्राध्यापक 6 आणि सहायक प्राध्यापक 4 विद्यार्थी घेऊ शकतात. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी उरलेल्या प्राध्यापकाला नवा विद्यार्थी घेता येत नाही. त्यामुळे गाइडला भेटल्यावर विचारायचे प्रश्न साधे आहेत. तुमच्याकडे जागा आहे का? तुमच्याकडच्या मागच्या विद्यार्थ्यांना किती वर्षं लागली? तुमच्याकडे सध्या निधी मिळालेला प्रकल्प आहे का? हे विचारणं उद्धटपणा नाही. जो गाइड यावर चिडतो, तो पुढे सिनॉप्सिसवरही, म्हणजे संशोधनाच्या आराखड्यावरही, चिडेल. शक्य असेल तर त्यांच्या सध्याच्या विद्यार्थ्याला कॅन्टीनमध्ये चहा पाजा आणि गप्पा मारा. ज्या गोष्टी कुठल्याही माहितीपत्रकात नसतात, त्या अर्ध्या तासात कळतात.

गाइडला पाठवायची पहिली ईमेल लहान असावी. ‘आदरणीय सर, मला आपल्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी. करण्याची तीव्र इच्छा आहे’ असं लिहिलेली एकच ईमेल चाळीस जणांना गेलेली असते, आणि ते चाळिसांनाही कळतं. त्यांचे अलीकडचे दोन पेपर वाचा, त्यातला एक मुद्दा सांगा, तुम्हाला त्यापुढे काय पाहायचं आहे ते चार ओळींत लिहा. तुमचे गुण, नेटचा किंवा पेटचा निकाल, प्रयोगशाळेत प्रत्यक्ष केलेलं काम यासाठी आणखी तीन-चार ओळी पुरतात.

हे गाइड आपल्या पट्ट्यात कुठे सापडतील? भोसरीच्या एम.आय.डी.सी.त, प्रेस शॉप आणि फाउंड्रींच्या शेजारी, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची, एड्स संशोधन संस्था आहे. 1992 मध्ये सुरू झालेली ही संस्था नारी या नावाने ओळखली जायची. आता तिच्या नावात विषाणूशास्त्राचाही समावेश झाला आहे. कामाला जाताना हजारो लोक रोज तिच्या फाटकावरून जातात. पिंपरीत डॉ. डी. वाय. पाटील अभिमत विद्यापीठ आहे, त्यांची बायोटेक्नॉलॉजी संस्था ताथवड्याला आहे. महापालिकेच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात पदव्युत्तर शिक्षण सुरू झालं आहे. तळेगावला मायमर वैद्यकीय महाविद्यालय आहे. चाकणहून फार लांब नसलेल्या शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुकला पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राचं ग्रामीण आरोग्य संशोधन चालतं. तिथे गावोगावच्या लोकसंख्येची आरोग्यनोंद वर्षानुवर्षं ठेवली जाते, आणि साथरोगशास्त्राच्या विद्यार्थ्याला असली नोंद म्हणजे तयार भांडार. पुण्यात राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, म्हणजे एन.आय.व्ही., 1952 पासून आहे, गणेशखिंडीला विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे, आघारकर संशोधन संस्था आहे. संशोधन संस्था स्वतः पदवी देत असेलच असं नाही. तिथे काम करणाऱ्याची नोंदणी एखाद्या विद्यापीठात किंवा अकादमीत असते. नोंदणी नेमकी कुठे होणार आणि पदवीवर कुणाचं नाव येणार, हे अर्जाआधी लेखी विचारून घ्या.

विषयाबद्दल थोडं विस्ताराने लिहितो, कारण इथे हा पट्टा खरोखर श्रीमंत आहे. ‘औद्योगिक कामगारांचे आरोग्य : एक अभ्यास’ असलं शीर्षक घेऊन येणाऱ्याला विद्यापीठाची संशोधन समिती दहा मिनिटांत परत पाठवते. तोच विषय नीट विचारला तर वेगळा होतो. पॉवर प्रेसवर काम करणाऱ्यांच्या कानाला आवाजाने होणारी इजा आधी 4000 हर्ट्झच्या आसपास दिसते, साध्या बोलण्यात ती बराच काळ जाणवतही नाही. मग पाच वर्षांहून जास्त काळ प्रेस शॉपमध्ये असलेल्या आणि त्याच कारखान्यात स्टोअरमध्ये असलेल्या कामगारांच्या ऑडिओमेट्रीत फरक किती? इअर प्लग दिलेले आणि प्रत्यक्षात घालणारे यांच्यात किती? हा प्रश्न मोजता येतो. तसंच रात्रपाळीचं. एक आठवडा फर्स्ट, एक सेकंड, एक थर्ड असं फिरणाऱ्या मधुमेही कामगाराची तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए1सी, कायम जनरल शिफ्ट करणाऱ्यापेक्षा वेगळी असते का? गोळ्या कुठल्या वेळी घेतो, जेवतो कधी? मोहननगरच्या कामगार विमा रुग्णालयाच्या ओपीडीत अर्धा दिवस बसलं तरी असे पाच प्रश्न सुचतील. वडील स्वतः तीस वर्षं शिफ्टमध्ये असतील तर मुलाकडे इतर अर्जदारांकडे नसलेलं ज्ञान आधीच घरात आहे. शॉप फ्लोअर कसा चालतो, सुपरवायझरला कसं पटवायचं, कंत्राटी मुलं खरं उत्तर कधी देतील, हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही.

सिनॉप्सिसमध्ये समिती तीनच गोष्टी बारकाईने बघते: प्रश्न नेमका आहे का, मोजणार कसं, आणि तीन वर्षांत होईल का. म्हणून संख्याशास्त्रज्ञाला सुरुवातीलाच भेटा, शेवटी नाही. चुकीच्या पद्धतीने गोळा करून झालेली माहिती नंतर कुणीही वाचवू शकत नाही. रुग्णांवरचा कुठलाही अभ्यास एथिक्स कमिटीच्या मंजुरीशिवाय सुरू करता येत नाही, औषधाची किंवा उपचाराची चाचणी असेल तर ती सीटीआरआय या नोंदवहीत आधी नोंदवावी लागते, आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांना वेगळी समिती असते. यात कित्येक महिने जातात. वेळापत्रकात हे महिने दाखवणारा अर्जदार समितीला जाणता वाटतो.

मुदतीचंही बोलून टाकू. कोर्सवर्क धरून किमान तीन वर्षं, कमाल सहा. पुढे दोन वर्षांची पुनर्नोंदणी मिळू शकते. स्त्रियांना आणि 40 टक्क्यांहून जास्त अपंगत्व असलेल्यांना आणखी दोन वर्षांची मुभा आहे. शिवाय संपूर्ण काळात 240 दिवसांपर्यंत बाळंतपणाची किंवा बालसंगोपनाची रजा घेता येते. मुलीच्या लग्नाची काळजी करणाऱ्या घरांनी हे वाक्य पुन्हा वाचावं. लग्न आणि पीएच.डी. यांत निवड करायची गरज नियमांनी ठेवलेली नाही. ती घरांनी ठेवली आहे.

पैशांचं गणित सरळ आहे. जेआरएफची फेलोशिप जानेवारी 2023 पासून महिना 37,000 रुपये झाली, आणि एसआरएफला, म्हणजे वरिष्ठ संशोधन फेलोशिपला, 42,000; त्यावर घरभाडं भत्ता वेगळा. चाकणमधल्या ट्रेनी इंजिनिअरच्या पगाराशी ही रक्कम ताडून बघा. जेआरएफ मिळाली नाही तर राज्यातल्या संस्था आहेत: अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, इतर मागास, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गांसाठी महाज्योती. या तिन्हींच्या संशोधन फेलोशिप आहेत, जाहिराती अनियमित निघतात आणि पैसे उशिरा येतात असा विद्यार्थ्यांचा नेहमीचा अनुभव आहे, त्यामुळे सहा महिन्यांची पुंजी हाताशी ठेवा. माझं मत स्पष्ट आहे: फेलोशिप किंवा प्रकल्पातलं मानधन नसताना, घरच्या पैशांवर आणि खासगी संस्थेची भरमसाट फी भरून पूर्णवेळ पीएच.डी. करू नये. वर्षभर थांबा, नेट पुन्हा द्या, एखाद्या प्रकल्पात सहायक म्हणून काम करा.

नोकरी असलेल्यांसाठी अर्धवेळ पीएच.डी. नियमांत बसते. औषध कंपनीतल्या क्वालिटी विभागातले, रुग्णालयातल्या परिचारिका, महाविद्यालयातले ट्यूटर यांना मालकाचं ना-हरकत पत्र लागतं. त्यात अभ्यासाला वेळ मिळेल आणि कोर्सवर्कसाठी गरज पडल्यास सोडलं जाईल असं नमूद असावं लागतं. दूरशिक्षणाने पीएच.डी. मात्र चालत नाही. परदेशी विद्यापीठाच्या नावाने ऑनलाइन कंपन्या विकतात त्या पीएच.डी.ला मान्यता नाही, असा इशारा 2022 मध्ये यूजीसीनेच दिला. ‘थिसिस लिहून देतो’ म्हणणारा माणूस भेटला तर तिथून निघा. थिसिस वाङ्मयचौर्य तपासून जातो, शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारावर कायमचा उघडा राहतो, आणि पंधरा वर्षांनीही कुणी तो उघडून पाहू शकतो.

आणि पुढे काय? वैद्यकीय महाविद्यालयातली शिक्षकाची नोकरी हवी असेल तर राष्ट्रीय वैद्यक आयोगाचे नियम आधी वाचा. एम.एस्सी. (मेडिकल) आणि पीएच.डी. झालेल्यांसाठी सूक्ष्मजीवशास्त्र आणि औषधशास्त्र या विभागांचं दार मध्यंतरी बंद झालं होतं, 2025 च्या नियमांनी ते पुन्हा उघडलं. साध्या विज्ञान महाविद्यालयातल्या एम.एस्सी.ला हे दार उघडेलच असं धरू नका. असे नियम बदलत राहतात, म्हणून एकाच नोकरीवर सगळा डाव लावू नये. हिंजवडीच्या, मांजरीच्या लस आणि जैवऔषध कंपन्या, क्लिनिकल ट्रायल चालवणाऱ्या संस्था, आयसीएमआरच्या प्रयोगशाळा यांना विषाणूशास्त्र, संख्याशास्त्र आणि नियामक कामं येणारी माणसं लागतात. नुसती पदवी असलेली नाही, हाताने काम केलेली.

पालकांना एक विनंती. विद्यापीठाच्या प्रवेश कक्षात फॉर्मसाठी रांग लावण्याआधी मुलाला किंवा मुलीला विचारा, ‘तुझे गाइड कोण?’ नाव सांगता आलं नाही तर या वर्षी फॉर्म भरू नका.