बाळांच्या लॅबमध्ये लेक नेमकं करते काय?

"इंजिनिअरिंग सोडून सायकॉलॉजी घेतली, आता म्हणे लॅबमध्ये बाळांना खेळवते!" मुलं अमेरिकेत पदवी घेत असलेल्या घरांतून ही तक्रार हमखास ऐकू येते. काळजी रास्त आहे, माहिती मात्र अर्धीच. बालविकासाच्या लॅबमध्ये काम करणारे पदवीचे विद्यार्थी, म्हणजे 'आरए' (रिसर्च असिस्टंट), बाळांबरोबर असतात थोडा वेळ. बाकी सगळा वेळ स्क्रीनपुढे जातो.

सहा महिन्यांच्या बाळाला काय कळतं, हे त्याला विचारता येत नाही. म्हणून ते कशाकडे किती वेळ टक लावून बघतं, हे मोजायचं. १९८५ मध्ये बायार्जों, स्पेल्की आणि वासरमन यांनी पाच महिन्यांच्या बाळांना एक फळी मागच्या खोक्यातून आरपार गेल्यासारखी दाखवली. या अशक्य प्रकाराकडे बाळं जास्त वेळ बघत राहिली. आजही अनेक लॅब याच वाटेने जातात. बाळ आईच्या मांडीवर बसतं आणि आई डोळे मिटते किंवा काळा चष्मा लावते, नाहीतर तिच्या नजरेवरून बाळाला सुगावा लागायचा.

मग व्हिडिओ आरएकडे येतो. सेकंदाला तीस फ्रेम, आणि नजर कुठल्या फ्रेमला वळली ते नोंदवायचं. बाळापुढे त्या वेळी काय चाललं होतं, हे आरएला मुद्दाम सांगत नाहीत. तोच व्हिडिओ दुसरा आरए स्वतंत्रपणे बघतो आणि दोघांच्या नोंदी ताडून पाहतात. निव्वळ योगायोगाने जुळलेल्या नोंदी वगळण्यासाठी कोहेन यांनी १९६० मध्ये 'कॅपा' हे माप दिलं, ते इथे रोज वापरात असतं. नोंदी जुळल्या नाहीत, तर पुन्हा प्रशिक्षण. शिवाय बाळाची झोप सांभाळून पालकांना वेळ देणं, खेळणी पुसणं, सोबत आलेल्या ताईदादाला गुंतवून ठेवणं हेही असतंच. बाळाने भोकाड पसरलं की त्या दिवसाची मेहनत पाण्यात.

म्हणून 'मला लहान मुलं फार आवडतात' एवढ्या भांडवलावर इथे निभाव लागत नाही. हे काम ज्यांना कंटाळवाणं वाटेल, त्यांना ते दुसऱ्या वर्षीच कळलेलं बरं. पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी कळणं महागात पडतं. जे टिकतात, त्यांना आकडेवारी हाताळता येऊ लागते, आणि प्राध्यापक शिफारसपत्रात चार खऱ्या ओळी लिहू शकतात. पुढे बरेच जण वर्ष-दोन वर्षं लॅब मॅनेजर म्हणून पगारी नोकरी करून पीएचडीला जातात. तिथे बहुतेक ठिकाणी फी माफ असते, वर विद्यावेतन मिळतं. मात्र भारतात परतून क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं, तर रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची (आरसीआय) नोंदणी लागते. लॅबचा अनुभव त्याची जागा घेत नाही.

पैशांचं आधीच बोलून घ्यावं. सुरुवात बहुधा विनावेतन किंवा क्रेडिटवर होते, आणि उन्हाळ्यात घेतलेल्या क्रेडिटची वेगळी फी बसू शकते. एफ-१ व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवरचं काम आठवड्याला २० तासांच्या आतच हवं. विनावेतन असलं तरी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला आधी विचारावं.

आणि मुलाखतीत मुलांनी एक प्रश्न जरूर विचारावा: आरएंना लॅबच्या साप्ताहिक बैठकीला बसू देतात का? उत्तर नाही असेल, तर दुसरी लॅब बघावी. तिथे फुकटचे हात हवे आहेत.