शेतीकामासाठी व घरकामासाठी लाकूड कसे ओळखावे?

शेतकऱ्याला लाकडाची गरज वर्षभर पडते. कुऱ्हाडीचा दांडा, कुदळीचा दांडा, बैलाचे जू, वखराचे दिंड, तिफणीचे फण, गोठ्याचे खांब, घराची चौकट, दारे, खिडक्या, देवघर अशी यादी कितीही वाढविता येईल. बियाणे घेताना आपण पिशवीवरील खूणचिठ्ठी वाचतो, खत घेताना पावती मागतो. पण वखारीतून लाकूड घेताना मात्र विकणारा जे नाव सांगेल तेच खरे मानतो. त्यामुळे सागाचे पैसे मोजून बसविलेली चौकट दोन-तीन पावसाळ्यांत भुसा होऊन गळू लागली, अशी तक्रार गावोगाव ऐकू येते. याची दुसरी बाजूही आहे. बांधावरचे चांगले जुने शिसव जळाऊ लाकडाच्या भावात देऊन टाकणारे शेतकरीही कमी नाहीत. दोन्ही ठिकाणी तोटा होतो तो ओळख नसल्यामुळे.

झाड उभे असताना ते पानावरून, सालीवरून, फुलाफळावरून सहज ओळखता येते. ऐनाची मगरीच्या पाठीसारखी तडकलेली साल कोणीही दुरून ओळखील. पण झाड तोडून, साल काढून, चिरून त्याच्या फळ्या झाल्या की या खुणा जातात. मग उरतो तो रंग, आणि रंगावरच बहुतेक जण फसतात. लाकूड उन्हात ठेवल्यावर काळवंडते, जुने झाले की बदलते, आणि रंगरोगण लावून हलके लाकूडही सागासारखे दिसू शकते. म्हणून रंग ही शेवटची खूण समजावी. त्याआधी पुढील बाबी क्रमाने पाहाव्यात.

१) आडवा छेद पाहणे

फळीची लांब बाजू न पाहता तिचे टोक पाहावे. करवतीने कापलेले टोक खरबरीत असते, त्यावर काही दिसत नाही. धारदार पटाशीने किंवा चाकूने टोकाचा बोटभर भाग गुळगुळीत तासावा, पाण्याचे बोट फिरवावे आणि उजेडात पाहावे. दहापट मोठे दाखविणारे साधे भिंग जवळ असल्यास अधिक चांगले.

या भागावर सुईच्या टोकाएवढी छिद्रे दिसतात. झाडात पाणी वर नेणाऱ्या नळ्यांची ती तोंडे होत. सागामध्ये वर्षाच्या वाढीच्या सुरुवातीची छिद्रे मोठी असून ती वलयात ओळीने बसलेली असतात. त्यामुळे सागाची वार्षिक वलये नुसत्या डोळ्यांनी दिसतात. बाभूळ, ऐन, आंबा यांत छिद्रे सर्वत्र विखुरलेली असतात. बाभळीच्या छिद्रांभोवती फिकट रंगाचे कडे असते, म्हणून तिच्या छेदावर फिकट ठिपके पसरलेले दिसतात. साग म्हणून दाखविलेल्या फळीच्या टोकावर ओळीने बसलेली मोठी छिद्रे दिसत नसतील, तर तो साग नाही असे समजण्यास हरकत नाही.

२) गाभा व पांढरे लाकूड

खोडाच्या मध्यभागी गडद रंगाचा गाभा असतो आणि सालीच्या आतल्या बाजूस फिकट, पांढुरके लाकूड असते. वाळवी व भुंगे आधी पांढऱ्या भागावर हल्ला करतात. सागाचा टिकाऊपणा हा त्याच्या गाभ्याचा गुण आहे. सागाचे पांढरे लाकूड टिकत नाही. कोवळ्या सागात पांढरा भाग जास्त असतो. म्हणजे लाकूड खरोखर सागाचे असूनही चौकट कुजू शकते. म्हणून केवळ 'साग आहे का' एवढेच न विचारता 'गाभा किती आहे' हे दोन्ही टोकांवर पाहावे. पांढऱ्या भागावर टाचणीएवढी भोके व खाली पिठासारखी भुकटी दिसल्यास तो माल घेऊ नये.

३) वजन

वजन ही फसवणूक होण्यास अवघड अशी खूण आहे. २० सें.मी. लांब, १० सें.मी. रुंद व अडीच सें.मी. जाड असा तुकडा कापून घ्यावा. त्याचे घनफळ ५०० घन सें.मी. होते. हा तुकडा सावलीत, वाऱ्यावर वाळू द्यावा. दर आठ दिवसांनी वजन करावे आणि लागोपाठ दोन वजने सारखी आली की तो वाळला असे समजावे. ओल्या लाकडावर हा प्रयोग करू नये, कारण त्यात पाण्याचेच वजन बरेच असते. वाळलेल्या तुकड्याचे वजन साधारणपणे पुढीलप्रमाणे भरते.

शिवण – २३० ते २७० ग्रॅम
आंबा – २८० ते ३५० ग्रॅम
साग – ३०० ते ३५० ग्रॅम
बाभूळ – ३७० ते ४३० ग्रॅम
शिसव – ४०० ते ४५० ग्रॅम
ऐन – ४२० ते ४७० ग्रॅम
खैर – ४७५ ते ५२५ ग्रॅम
अंजन – ५०० ग्रॅमपेक्षा जास्त

५०० घन सें.मी. पाण्याचे वजन ५०० ग्रॅम असते. म्हणून अंजनाचा वाळलेला तुकडाही पाण्यात बुडतो. आंबा व साग यांचे वजन जवळजवळ सारखे येते हे लक्षात ठेवावे. तेथे वजनावर न थांबता छेद पाहावा.

४) वास, स्पर्श व पाण्याची परीक्षा

रंध्याने ताजी पातळ साल काढून नाकाजवळ धरावी. सागाला कमावलेल्या जुन्या चामड्यासारखा वास येतो आणि हात फिरविल्यास लाकूड किंचित तेलकट लागते. शिसवाच्या ताज्या तुकड्याला मंद सुगंध असतो. शिरीषाचा गाभा तपकिरी व गडद रेषांचा असल्याने तो शिसव म्हणून खपवला जाऊ शकतो. परंतु शिरीष वजनाला हलका असतो, त्याची छिद्रे मोठी असतात आणि त्याचा भुसा नाकात गेल्यास शिंका येतात. शिसवाच्या गाभ्यात जांभळट झाक असते.

बिबळा (कोकणात असाणा) ओळखणे सर्वांत सोपे. त्याच्या गाभ्याच्या ढलप्या काचेच्या पेल्यात पाण्यात टाकाव्यात. थोड्या वेळाने पेला उन्हात धरून पाहिल्यास पाण्यावर निळसर चमक दिसते.

५) कोणत्या कामासाठी कोणते लाकूड?

ओळख पटली तरी सर्व कामांना एकच लाकूड चालत नाही. महाग ते चांगले असेही नाही.

अ) दांडे, जू व औतांचे भाग : येथे धक्का सोसणारे चिवट लाकूड हवे. बाभूळ, धावडा व तिवस ही यासाठी उत्तम होत. साग टिकाऊ असला तरी दांड्याला बाभळीइतका चिवट नाही. दांड्याच्या लाकडातील रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ जाव्यात. तिरप्या रेषेचा दांडा घाव घालताना मोडतो आणि मोडलेले टोक अंगावर येते.

आ) बैलगाडीची चाके : तुंबा, आरे व पाटे यांसाठी वाळलेली बाभूळ वापरावी. ओल्या लाकडाचे चाक केल्यास ते पुढे आकसते आणि लोखंडी धाव सैल होते.

इ) चौकटी, दारे व खिडक्या : सागाचा गाभा सर्वांत योग्य, कारण तो हवामानाप्रमाणे फारसा फुगत किंवा आकसत नाही. कोकणात पिवळ्या गाभ्याचा फणसही चांगले काम देतो. तो पुढे तपकिरी होतो.

ई) खांब व तुळया : ऐन मजबूत आहे, पण वाळताना तडकतो. तो सावलीत सावकाश वाळवावा.

उ) पेट्या व तात्पुरती कामे : आंब्याचे लाकूड पुरेसे आहे. त्याला भुंगे लवकर लागतात, म्हणून कायमच्या कामात वापरू नये.

६) खरेदी करताना घ्यावयाची काळजी

रंग किंवा पॉलिश लावलेले लाकूड घेऊ नये. नावावर जाऊ नये. शिवणीला 'व्हाइट टीक' म्हणतात आणि परदेशातून येणाऱ्या इरोको लाकडाला 'आफ्रिकन टीक' म्हणतात; दोन्ही साग नव्हेत. त्यांचा उपयोग आहे, परंतु सागाचा भाव देण्याचे कारण नाही. पावतीवर लाकडाचे नाव व माप लिहून घ्यावे. फळी ठोकून पाहावी. वाळलेली व निरोगी फळी खणखणीत वाजते, ओली किंवा आतून कुजलेली बद्द वाजते. मोठ्या रकमेचा व्यवहार असून शंका वाटत असल्यास नमुना तज्ज्ञांकडे पाठवावा. डेहराडून येथील वन संशोधन संस्थेत लाकडाच्या हजारो नमुन्यांचा संग्रह असून त्याच्याशी तुलना करून ओळख पटविता येते.

स्वतःच्या शेतातील झाड विकण्यापूर्वी किंवा तोडण्यापूर्वी वनविभागाकडे चौकशी करावी. महाराष्ट्र वृक्षतोड (नियमन) अधिनियम, १९६४ नुसार साग, खैर, आंबा, फणस, जांभूळ यांसारखी झाडे मालकीच्या जमिनीत असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत.

७) घरचा नमुनासंच तयार करा

वर दिलेल्या खुणा वाचून समजतात, पण हातात बसतात त्या सरावानेच. यासाठी एक बिनखर्चाचा उपाय करावा. गावात एखादे झाड पडले, फांदी मोडली किंवा रीतसर तोड झाली की त्या लाकडाचा वर सांगितलेल्या मापाचा एक तुकडा, शक्यतो गाभ्याचा, मागून घ्यावा. झाड उभे असताना पाहिलेले असल्याने त्याच्या नावाविषयी शंका नसते. तुकडा वाळवून त्यावर झाडाचे नाव, तारीख व वजन पेन्सिलीने लिहावे आणि एक टोक पटाशीने गुळगुळीत करून ठेवावे. साग, बाभूळ, आंबा, शिसव, शिरीष, ऐन असे आठ-दहा तुकडे जमले की वखारीत जाताना हवा तो तुकडा पिशवीत टाकावा. विकणाऱ्याच्या फळीचे टोक आणि आपल्या तुकड्याचे टोक शेजारी शेजारी धरावे. छिद्रे, वलये व वास जुळले तर माल घ्यावा, न जुळले तर परतावे.

गावातील अनुभवी सुतारास हे तुकडे दाखवून त्याच्याकडूनही खुणा समजून घ्याव्यात व घरातील मुलांना शिकवाव्यात. चौकट एकदा बसविली की ती तीस-चाळीस वर्षे घराला सांभाळते. तेवढ्यासाठी खरेदीच्या दिवशी पटाशी, भिंग व एक नमुना सोबत नेणे शेतकरी बंधूंना जड जाऊ नये.