रानवाटेची सायकल कशी निवडावी?



दोन वर्षांपूर्वी सोयाबीन विकल्यावर आमच्या घरी पुतण्याला सायकल घ्यायचे ठरले. त्याला शेतरस्त्याने, माळावरून लांबवर सायकल पळवायचा नाद लागला होता. दुकानात त्याच्या मनात भरली ती पुढे आणि मागे, दोन्हीकडे स्प्रिंग असलेली भडक रंगाची सायकल. मीही म्हणालो, "मोठ्या मापाचीच घ्या, पोरगा वाढत्या अंगाचा आहे." गणवेश असा घेता येतो, सायकल घेता येत नाही, हे मला तेव्हा कळले नाही. थांबताना त्याचा पाय जमिनीला नीट पुरेना. एकदा तो वरच्या दांड्यावर आदळलाही. चढावर पायडल मारले की मागची स्प्रिंगच खाली-वर व्हायची. पहिल्याच पावसाळ्यात मागच्या सांध्यात खुळखुळ सुरू झाली आणि त्याचे सुटे भाग जवळपास मिळेनात. वर्षाच्या आत सायकल गोठ्यात जाऊन उभी राहिली. पैसे गेले ते गेलेच, पण मुलाची हौस गेली याचे जास्त वाईट वाटते.

यंदा त्याच्या धाकट्या बहिणीची पाळी आली. म्हणून या वेळी आधी अभ्यास केला आणि मगच दुकानाची पायरी चढलो. तो अभ्यास असा.

१. हार्डटेल म्हणजे काय?

ज्या माउंटन सायकलच्या पुढच्या चिमट्यात, म्हणजे फोर्कमध्ये, धक्का शोषण्याची सोय असते आणि मागची बाजू मात्र ताठ असते तिला हार्डटेल म्हणतात. मागे सांधे नसल्यामुळे ती हलकी असते, स्वस्त पडते आणि बिघडतेही कमी.

या सायकलींचा जन्म अमेरिकेतला. कॅलिफोर्निया राज्यात माउंट टॅमलपायस नावाचा डोंगर आहे. त्याच्या परिसरात १९७० नंतरच्या दशकात काही तरुण जाड टायरच्या जुन्या सायकली घेऊन कच्च्या उतारावरून सुसाट खाली येत. पायडल उलटे मारून लावायचा ब्रेक इतका तापे की आतले ग्रीस जळून जाई. खाली आल्यावर ते पुन्हा भरावे लागे, म्हणून त्या उताराचे नावच 'रीपॅक' पडले. १९९६ साली अटलांटा ऑलिंपिकमध्ये क्रॉस-कंट्री माउंटन सायकलिंगचा समावेश झाला. फ्रान्सच्या ज्युलियाँ अब्सालों याने २००४ आणि २००८ ची सुवर्णपदके हार्डटेलवरच जिंकली. पुढे २०१२ मध्ये झेक प्रजासत्ताकाच्या यारोस्लाव कुल्हावी याने दोन्हीकडे स्प्रिंग असलेल्या सायकलवर सुवर्ण मिळवले. आज मोठे स्पर्धक बहुधा तसलीच सायकल वापरतात. पण त्यांच्या सायकली फार महाग असतात आणि देखभालीला सोबत मिस्त्री असतो. कमी पैशांत दोन्हीकडची स्प्रिंग देताना बाकीच्या भागांत काटकसर करावी लागते. आमची फसगत नेमकी इथेच झाली.

२. आधी माप

सायकल आजच्या उंचीला बसणारी हवी. दोन्ही पायांत वरचा दांडा घेऊन उभे राहा. दांडा आणि शरीर यांत किमान पाच सेंटिमीटर अंतर राहिले पाहिजे. मग सीटवर बसून टाच खालच्या पायडलवर ठेवा. गुडघा जेमतेम सरळ होईल इतकी सीटची उंची ठेवा. पायडल मारताना पंजा वापरला की गुडघा आपोआप थोडा वाकलेला राहतो. सीट पुढे उंच करता येते, फ्रेम लहान करता येत नाही.

३. चाके आणि टायर

चाके साधारण २६, २७.५ आणि २९ इंचांची मिळतात. मोठे चाक दगडावर आणि खड्ड्यातून सहज जाते, कारण अडथळ्याला ते कमी तिरके भिडते. बैलगाडीचे चाक मोठे का असते, ते आठवा. मात्र उंची कमी असेल तर २७.५ चे चाक सांभाळायला सोपे.

मुधोळ, भैंसा, बासर हा आपला पट्टा काळ्या मातीचा. पाऊस पडला की चिखल चाकाला लिंपत जातो. म्हणून टायर आणि फ्रेम यांच्यामध्ये बोट सहज जाईल एवढी मोकळी जागा आहे ना, ते पाहा. उन्हाळ्यात बाभळीचे काटे आणि सराटे असतात. दोन इंच किंवा थोडे अधिक रुंद टायर घ्या आणि सोबत पंक्चरचे सामान ठेवाच. ट्यूबशिवायचे टायर आणि आत काटा लागताच भोक बुजवणारे द्रव ही सोय उत्तम, पण खर्च वाढतो.

४. पुढचा फोर्क

क्रॉस-कंट्रीसाठी फोर्क १०० ते १२० मिलिमीटर दबणारा पुरे. स्वस्त फोर्कमध्ये लोखंडी स्प्रिंग असते, ती बहुधा मोठ्या माणसाच्या वजनाला धरून केलेली. चाळीस किलोचे मूल बसले तर ती नीट दबतच नाही, नुसता बोजा वाहावा लागतो. हवेच्या फोर्कमध्ये आपल्या वजनाप्रमाणे हवा भरता येते. सायकलवर बसल्यावर तो एकूण अंतराच्या पाचव्या ते चौथ्या भागाइतका दबावा.

५. गिअरचे गणित

पुढचे दाते भागिले मागचे दाते, गुणिले चाकाचा परीघ. उत्तर येते ते पायडलच्या एका फेऱ्यात कापलेले अंतर. साध्या काळ्या सायकलला पुढे ४४ आणि मागे १८ दाते असतील आणि परीघ २.२ मीटर असेल तर एका फेऱ्यात सुमारे ५.४ मीटर अंतर जाते. निर्मलच्या महबूब घाटात हे जड जाते. हार्डटेलला पुढे ३२, मागे ४६ दाते आणि परीघ २.३ मीटर धरा. आता अंतर १.६ मीटरच, म्हणून चढ हलका लागतो. मागे ११ दात्यांवर साखळी टाकली की तेच अंतर सुमारे ६.७ मीटर होते. म्हणून 'किती गिअर' हे विचारण्याआधी मागच्या सर्वांत मोठ्या चक्राचे दाते मोजा.

६. ब्रेक

डिस्क ब्रेक चिखलातही धरतो. तारेचा डिस्क ब्रेक गावातला मिस्त्री दुरुस्त करू शकतो. तेलाचा ब्रेक एका बोटाने लागतो, पण त्याच्या दुरुस्तीची सोय कुठे आहे हे आधी विचारून ठेवा.

७. पैशांची वाटणी

सगळे पैसे सायकलवर उधळू नका. हेल्मेट, पंप, जादा ट्यूब आणि पाने यांचे पैसे पहिल्यांदा बाजूला काढा. हेल्मेट परवडत नसेल तर सायकल थोडी साधी घ्या, पण हेल्मेट सोडू नका.

पुतणी हे सगळे वहीत लिहून दुकानात गेली. दुकानदाराने चमकदार सायकल पुढे केली. तिने आधी दांड्यावर उभे राहून पाहिले, मग दाते मोजले आणि शेवटी एक साधी, काळसर, लहान फ्रेमची हार्डटेल निवडली. ती भडक सायकलीपेक्षा स्वस्तही पडली आणि उरलेल्या पैशांत हेल्मेट आले. घरी येऊन ती म्हणाली, "काका, दादाचीही सीट एकदा माझ्या वहीप्रमाणे लावून पाहू." सीट खाली घेतली, तरी दांडा उंचच. ती सायकल त्याच्या मापाची कधी नव्हतीच. चूक मुलाची नव्हती, माझी होती, हे मी त्याला त्या दिवशी सांगितले. आता रविवारी तो बहिणीची सायकल मागून माळावर जाऊ लागला आहे.

स्वाध्याय

१. तुमच्या सायकलचे पुढचे आणि मागचे दाते मोजा. चाकावर खडूची खूण करून परीघ मोजा आणि एका फेऱ्यातले अंतर काढा.
२. घरातल्या प्रत्येकाची सीट टाचेच्या पद्धतीने तपासा. किती जणांची सीट चुकीच्या उंचीवर आहे?
३. मोठे चाक खड्ड्यातून सहज का जाते? आकृती काढून स्पष्ट करा.
४. 'वाढत्या अंगाला मोठी सायकल' या सल्ल्यात काय चूक आहे? पाच ओळी लिहा आणि घरी वाचून दाखवा.