शाळांतील संगणक-संचांची उभारणी

एका शाळेत एक संगणक बसविणे हे काही तासांचे काम होय. तेच काम तालुक्यातील सर्व शाळांत करावयाचे झाले, म्हणजे त्यास योजनेची जोड द्यावी लागते. योजना नसेल तर यंत्र शाळेत पोचते, परंतु मुलांपर्यंत पोचत नाही. खोके कपाटावर पडून राहते व हमीची मुदत मात्र सरत जाते.

अशा कामाचा पाठ शिक्षकांस नवा नाही. मतदान अधिकारी म्हणून काम केलेल्या शिक्षकाने तो प्रत्यक्ष गिरविलेला आहे. सन २००४ च्या लोकसभा निवडणुकीत सर्व ५४३ मतदारसंघांत मतदान यंत्रे वापरण्यात आली. या व्यवस्थेची चार अंगे ध्यानात घ्यावीत. यंत्र बॅटरीवर चालते, म्हणून गावातील विजेवर मतदान अवलंबून राहत नाही. प्रत्येक यंत्राचा क्रमांक नोंदून ते सहीनिशी दिले-घेतले जाते. मतदानापूर्वी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमक्ष किमान ५० मतांचे अभिरूप मतदान घेऊन ते तपासले जाते. बिघाड झाल्यास बदलण्यासाठी राखीव यंत्रे जवळ ठेवलेली असतात. हीच चार अंगे शाळेतील संगणकांस लागू करावयाची आहेत.

१. ठिकाणाची स्थिती : नाशिक जिल्ह्यातील १५ तालुक्यांची स्थिती सारखी नाही. पेठ, सुरगाणा, इगतपुरी व त्र्यंबकेश्वर या तालुक्यांत पाऊस मोठा. तेथे ओल, गळके छप्पर व वारंवार जाणारी वीज या अडचणी मुख्य होत. अशा शाळांतील काम पावसाळ्यापूर्वी उरकावे. येवला व नांदगाव या पूर्वेकडील तालुक्यांत धूळ व उन्हाळ्यातील उष्णता यांचा विचार करावा. खोली कोरडी आहे काय, अर्थिंग आहे काय, खिडकीस गज व दारास कुलूप आहे काय, वाहन कोठवर येते, किल्ली कोणाकडे असते, एवढी माहिती मुख्याध्यापकांनी आधी लिहून द्यावी. उणीव असेल तेथे प्रथम दुरुस्ती व मग यंत्र, असा क्रम ठेवावा.

उदाहरणार्थ, केंद्रात १२ शाळा असून कारागिरांचे पथक दिवसास २ शाळा पुऱ्या करते असे धरल्यास ६ दिवस लागतील. ३ शाळांत अर्थिंग नाही हे पथक दारी आल्यावर कळले, तर त्यांसाठी निराळी फेरी करावी लागेल. एका पानाच्या पूर्वपाहणीने ती वाचते. याच कारणास्तव प्रथम एका केंद्राचे काम पुरे करून, तेथे आलेल्या अडचणी पाहून मगच इतर केंद्रे हाती घ्यावीत.

२. नोंद : खोक्यावरील व यंत्रावरील क्रमांक ताडून पाहावेत. जडसंग्रह नोंदवहीत क्रमांक, बसविल्याची तारीख व हमी संपण्याची तारीख लिहावी.

३. समक्ष चाचणी : खोके उतरविले म्हणजे काम झाले असे मानून सही करू नये. यंत्र सुरू करावे, मुख्य वीज बंद करून पाहावी, विद्यार्थ्याकडून एक पाठ चालवून घ्यावा, यंत्र रीतसर बंद करून पुन्हा सुरू करावे. त्यानंतरच सही करावी.

४. राखीव साधने : जोडतारा, माऊस व कळफलक यांचा लहानसा साठा केंद्रशाळेत ठेवावा. दहा मिनिटांत बदलता येणाऱ्या तारेपायी संच महिनोन्‌महिने बंद राहू नये.

माध्यमिक शाळांसाठी केंद्र सरकारने सन २००४ मध्ये सुरू केलेल्या संगणक योजनेचा बोध येथे उपयोगी आहे. महाराष्ट्रात पुरवठादाराने यंत्रे बसवावी, पाच वर्षे चालवावी व नंतर शाळेच्या स्वाधीन करावी, अशी पद्धती अवलंबिण्यात आली. मुदत संपल्यावर पुढील भार शाळेवर येतो. यास्तव देखभालीची प्राथमिक माहिती शिक्षकांनी पहिल्या दिवसापासूनच करून घ्यावी.

सन २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमानंतर अनेक गावांनी वर्गणी काढून शाळांस संगणक घेऊन दिले. त्या वर्गणीत मजुरी करणाऱ्या पालकांचाही वाटा आहे. यंत्र चालू ठेवणे ही त्यांच्या विश्वासाची परतफेड होय.

स्वाध्याय
१. आपल्या शाळेची पूर्वपाहणी एका पानावर लिहा.
२. बंद असलेल्या संचांची नोंद करून प्रत्येकाचे कारण शोधा. तारेचा किंवा विजेचा दोष किती ठिकाणी आढळतो?
३. केंद्रातील शाळांचा उभारणीचा क्रम सहकाऱ्यांशी चर्चा करून ठरवा.